ताटाचा फोटो आणि स्वस्त कॅमेरा

एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई मध्यंतरी आम्हांला भेटल्या. त्यांच्या नववीच्या मुलामुलींनी गावातील जुन्या पदार्थांची नोंद करायला घेतली आहे. कोणत्या घरी, कोणत्या सणाला काय रांधले जाते, ते कशात वाढतात, दिसते कसे, असे सगळे. माहिती सांगणाऱ्या आज्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. वर्षभरात त्यांतल्या दोघी गेल्या आणि एका पदार्थाची तर फक्त कृतीच वहीत उरली. तो प्रत्यक्षात कसा दिसायचा हे सांगणारे कोणी राहिले नाही. म्हणून फोटो हवेत. वर्गणीचे थोडे पैसे जमले आहेत, दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे ऐकवतो आहे, आणि बाईंचा प्रश्न साधा आहे : खाद्यपदार्थांचे फोटो काढायला नवशिक्या मुलांच्या हाती द्यावा असा स्वस्तातला कॅमेरा कोणता?

एका वाक्यात उत्तर द्यायचे सोडून आम्ही त्यांना इतिहास सांगत बसलो. (मास्तरकीची खोड, दुसरे काय!) पण सांगता सांगता आमच्याच लक्षात आले, की या प्रश्नाचे उत्तर खरोखरच इतिहासात आहे.

आपापल्या घरातला जुना अल्बम आठवून पाहा. मुंजीतली पंगत असते, लग्नाची पंगत असते. पानांपुढे बसलेली माणसे ओळखू येतात, वाढप्याच्या हातातली बादली दिसते, रांगोळीही दिसते. पण पानावर काय वाढले आहे? पांढुरका ढीग म्हणजे भात असावा असा तर्क करायचा. आजीच्या हातच्या जेवणाची तारीफ तीन पिढ्या करतात आणि त्या जेवणाचा धड एक फोटो घरात नसतो. असे का व्हावे?

कॅमेऱ्याला अन्नाचे वावडे होते म्हणावे, तर सुरुवात अगदी उलट झाली आहे. फ्रान्समध्ये न्यीप्सने काढलेले मांडलेल्या टेबलाचे एक चित्र अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत गणले जाते. त्याच्या सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, मूळ काचही नष्ट झाली. उरली आहे ती छापील प्रतिकृती. इंग्लंडच्या फॉक्स टॅलबटने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक काढले. त्यात छायाचित्रांच्या चोवीस प्रती चिकटवल्या होत्या आणि शेवटची, चोविसावी, फळांच्या टोपल्यांची होती. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून आलेल्या रॉजर फेंटननेही १८६० मध्ये फळांची एक मालिकाच केली. कारण उघड आहे. त्या काळच्या काचा आणि कागद इतके मंद होते, की चित्र उमटायला कित्येक सेकंद, कधी मिनिटे लागत. माणूस हलतो, डोळे मिचकावतो. अननस हलत नाही.

अननस मुद्दाम म्हटले. टॅलबटच्या टोपलीत अननस आहे. त्या काळी इंग्लंडात अननस पिकवायचा तर काचघर आणि कोळसा लागे, म्हणजे ते श्रीमंताघरचे फळ. कॅमेराही श्रीमंताचाच. तेव्हा पहिल्या ताटात काय वाढले जाणार हे ठरलेलेच होते.

समजा, त्याच सुमारास कोणी आपल्याकडे वरणभाताचा फोटो काढला असता, तर? मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी होते, म्हणजे कल्पना अगदीच अशक्य नाही. पण त्या फोटोत वरण काळे दिसले असते. तेव्हाच्या काचांना फक्त निळा-जांभळा प्रकाश समजे. हळद नेमका निळा प्रकाश शोषून घेते, म्हणूनच ती आपल्याला पिवळी दिसते. काचेच्या दृष्टीने तिथून काहीच येत नाही, म्हणजे अंधार. लाल तिखटाची तीच गत. हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८७३ मध्ये आढळले, की काही रंगद्रव्ये मिसळली तर काचेला हिरवापिवळा प्रकाशही कळू लागतो. लालसकट सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. त्याआधीच्या फोटोंतल्या फळांच्या छटांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. कॅमेऱ्यापुढे अन्न क्वचित आले, पण कॅमेऱ्याच्या आत मात्र ते नेहमी होते. १८५० पासून फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखत. ल्युमिए बंधूंनी १९०७ मध्ये विकायला काढलेल्या रंगीत काचेवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. फिल्मवरचे जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांतून येई. त्यातले काही जिलेटिन जास्त प्रकाशसंवेदी आणि काही मंद का, याचा उलगडा कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युएल शेपर्डने १९२५ च्या सुमारास केला. जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणात असत आणि ती गुरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीवर्गातल्या वनस्पतींतून आलेली होती! असो.

स्वस्त कॅमेऱ्याची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये पहिला कोडॅक विकायला काढला तो २५ डॉलरला. शंभर फोटो संपले, की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा आणि धुलाई-छपाईचे आणखी १० डॉलर मोजायचे. ही काही सामान्यांची चैन नव्हे. पण १९०० मध्ये त्याच कंपनीने पुठ्ठ्याच्या खोक्याला भिंग बसवून 'ब्राउनी' आणला. किंमत १ डॉलर. सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. शाळकरी पोरेही फोटो काढू लागली.

एवढी किंमत खाली आणताना कंपनीने काय काढून टाकले, हे पाहण्यासारखे आहे. भिंग पुढेमागे सरकवण्याची सोय काढून टाकली. आधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांना भाता असे आणि तो ओढून भिंग काचेपासून दूर नेता येई, म्हणजे जवळच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट करता येई. ब्राउनीत भिंग एका जागी पक्के बसवलेले. त्याचा हिशेब वर्गात सहज करता येतो. चालेल एवढा धूसरपणा म्हणजे नाभीय अंतराचा हजारावा भाग, असा एक संकेत आहे. तो मानला, तर सोपा नियम हाती येतो : भिंगाच्या छिद्राचा व्यास जितके मिलिमीटर असेल, तितक्या मीटर अंतरावर भिंग कायमचे रोखून ठेवावे, मग त्याच्या निम्म्या अंतरापासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. छिद्र ७ मि.मी. असेल, तर भिंग ७ मीटरवर रोखायचे आणि साडेतीन मीटरपासून पुढचे सगळे ठीक.

साडेतीन मीटरवर एक कुटुंब उभे केले, की चौकट छान भरते. डोंगर येतो, देऊळ येते, बैलजोडी येते. ताट तेवढे येत नाही. अशा कॅमेऱ्याने अर्ध्या मीटरवरून ताटाचा फोटो काढला, तर काय होईल? तोच हिशेब पुढे नेला, की कळते : ताटातला प्रत्येक बिंदू साडेसहा मि.मी. व्यासाच्या ठिपक्याएवढा पसरतो. म्हणजे प्रत्येक बिंदू भाताच्या शिताएवढा मोठा होतो. मग शिते वेगळी कशी दिसणार? आणि साडेतीन मीटरवरूनच काढावा, तर ताट चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढे येते.

आपल्याकडे याच घराण्यातला आग्फा क्लिक थ्री अनेकांना आठवत असेल. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो बनवला आणि कित्येक मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा म्हणून तोच आला. एका रिळात बारा चौकोनी फोटो. तेही सहलीला, बारशाला आणि वाढदिवसाला पुरवून पुरवून वापरायचे. अल्बममधल्या पंगतीत माणसे स्पष्ट आणि पाने पांढुरकी का, याचा बराचसा उलगडा इथे होतो. कॅमेऱ्याने साडेतीन-चार मीटरच्या आतले जगच वगळले होते.

सगळा दोष मात्र कॅमेऱ्यावर ढकलता येणार नाही. गावोगावच्या स्टुडिओंत भात्याचे मोठे कॅमेरे होते आणि त्यांना जवळचे सहज टिपता आले असते. पुरणपोळीचा फोटो काढून घ्यायला तिथे कोणी गेले नाही, एवढेच. जे रोज स्वयंपाकघरात होते आणि बायका करतात, त्याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही. ज्याला वाटले त्याने काय केले, ते एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराच्या ढोबळ्या मिरचीच्या फोटोंत पाहावे. १९३० च्या ऑगस्टमध्ये त्याने एक मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवली आणि भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. बाजारातली साधी मिरची, पण तिचा फोटो जगातल्या संग्रहालयांत गेला. त्यासाठी जवळ जाता येणारा कॅमेरा आणि भरपूर सवड या दोनच गोष्टी त्याला लागल्या.

भात्याचा कॅमेरा परवडत नाही त्याने काय करायचे? कोडॅकने यावर एक नामी आणि स्वस्त उपाय विकला : भिंगावर बसवायचे आणखी एक बहिर्गोल भिंग. हे म्हणजे कॅमेऱ्याची चाळिशी! आपल्या डोळ्यांचे भिंग वयपरत्वे ताठर होते, जवळचे दिसेनासे होते, आणि आपण अधिक दोनचा चष्मा लावतो. पक्क्या भिंगाच्या कॅमेऱ्याची अडचण तीच आहे, औषधही तेच. ७ मीटरवर रोखलेल्या कॅमेऱ्यापुढे +२ शक्तीचे भिंग धरले, की तो सुमारे ४७ सें.मी. वर रोखला जातो आणि ४४ ते ५० सें.मी. पर्यंतचे स्पष्ट येते. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात एवढ्या अंतरावरून साधारण ३० सें.मी. व्यासाचे ताट थोडी जागा सोडून मावते. घरात जुना डबा-कॅमेरा पडून असेल आणि त्याचे झाकण उघडे ठेवता येत असेल, तर फिल्मच्या जागी बटर पेपर चिकटवा, कळ दाबून उघडी ठेवता येते का पाहा, आणि समोर चाळिशीचा चष्मा धरा. खिडकीजवळ ठेवलेल्या उजळ ताटाची उलटी प्रतिमा धूसरची स्पष्ट होताना मुलांना पाहू द्या. भिंगाची शक्ती शिकवायला याहून चांगला प्रयोग आम्हांला ठाऊक नाही.

चाळिशी लावूनही एक अडचण उरतेच. डोळा लावायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारे भिंग वेगळे. दोन्हींत चारपाच सें.मी. अंतर. लांबच्या माणसाच्या बाबतीत एवढा फरक कळतही नाही. अर्ध्या मीटरवरच्या ताटाची मात्र कड कापली जाते. १९२५ मध्ये आलेल्या लायका या उत्तम जर्मन कॅमेऱ्यालाही हा पराशय दोष होता. जवळच्या कामासाठी त्याला चार पायांची एक चौकट जोडत : पायांच्या आत जे येईल, ते फोटोत. खरा तोडगा आरशाचा. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून डोळ्याकडे वळवायचा आणि फोटोच्या क्षणी आरसा बाजूला करायचा. ३५ मि.मी. फिल्मवर चालणारा असा कॅमेरा, किने एक्झाक्टा, १९३६ मध्ये जर्मनीत निघाला. पुढे जपानी आणि रशियन कारखान्यांनी या जातीचे कॅमेरे स्वस्त केले. मॉस्कोजवळ बनणारा झेनित-ई तर वजनाला वरवंट्यासारखा, पण त्याचे भिंग अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाई आणि मध्ये पोकळ नळ्या बसवल्या, की आणखी जवळ. स्वस्त कॅमेऱ्याने ताट नीट दिसायला लागले ते इथून.

रंगाचे म्हणाल, तर ती श्रीमंती फार काळ टिकली. न्यूयॉर्कमध्ये निकोलस मुरे १९३० नंतर मासिकांसाठी मेजवान्यांचे झगझगीत रंगीत फोटो काढत असे, पण एका चित्रासाठी तीन वेगवेगळ्या रंगांची तीन चित्रे घेऊन ती तंतोतंत एकावर एक बसवावी लागत. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म पुष्कळांनी वापरली ती कृष्णधवलच. रंगीत रीळ आणि त्याची धुलाई हा खर्च लग्नकार्यापुरता राखून ठेवलेला असे. एका पिठल्यासाठी तो कोण करणार?

मग फिल्मच गेली. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये बनवलेल्या पहिल्या अंकीय कॅमेऱ्यात चित्राचे ठिपके होते अवघे दहा हजार, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९९ च्या निकॉन कूलपिक्स ९५० मध्ये ठिपके वीस लाख झाले. आम्हांला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते : तो कॅमेरा वस्तूच्या २ सें.मी. जवळ जाऊ शकत होता. किंमत तेव्हा आवाक्याबाहेर होती, पण दिशा कळली. हे कसे साधले? संवेदक छोटा, म्हणून भिंगही छोटे. ७५ मि.मी. नाभीय अंतराचे भिंग ३० सें.मी. वरच्या वस्तूवर रोखायला २५ मि.मी. पुढे सरकवावे लागते. आजच्या फोनमधले भिंग साधारण ५ मि.मी. नाभीय अंतराचे धरले, तर त्याला त्याच कामासाठी एक दशांश मि.मी. पेक्षाही कमी सरकावे लागते. भात्याचे काम एका केसाच्या जाडीएवढ्या हालचालीत होते! ब्राउनीने किंमत कमी करताना जवळचे जग काढून टाकले होते. ते शंभर वर्षांनी कॅमेरा लहान झाल्यामुळे फुकटात परत आले.

इथवर ऐकून बाई म्हणाल्या, "ते सगळे खरे, पण सर, घेऊ काय?"

तर आमचे मत असे. ज्या शाळेत बरा फोन आहे, तिने आधी त्यानेच सुरुवात करावी. त्याचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे अगदी जवळून वाटी फुगलेली आणि ताट लंबगोल दिसते; तेव्हा दोन पावले मागे जाऊन फोनमधली दुप्पट मोठे करण्याची सोय वापरावी. खास कॅमेराच घ्यायचा असेल, तर नव्या स्वस्त कॅमेऱ्यापेक्षा जुन्या बाजारातला आरशाचा अंकीय कॅमेरा बरा. २००३ मध्ये कॅननच्या ३००डीने या जातीची किंमत भिंगासह हजार डॉलरपर्यंत खाली आणली, तेव्हापासूनचे कितीतरी नमुने वापरून बाजूला पडले आहेत. साठ लाख ठिपके म्हणजे वहीच्या पानाएवढ्या छपाईला पुरेसे; मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. त्याच्यासोबत येणारे १८-५५ मि.मी. चे साधे भिंग कमी लेखतात, पण कॅननचे असे अलीकडचे भिंग २५ सें.मी. पर्यंत जवळ रोखता येते आणि मग साडेसहा सें.मी. रुंदीची वस्तू चौकट भरून येते, म्हणजे एक मोदक. दुकानात मात्र एक परीक्षा नक्की घ्यावी. दहा रुपयांची नोट टेबलावर ठेवा, ती चौकटीत काठोकाठ भरेल इतके जवळ जा आणि फोटो मोठा करून बारीक अक्षरे वाचा. वाचता आली नाहीत, तर कॅमेरा कितीही देखणा असो, या कामाचा नाही.

उरलेले पैसे तिवईवर घालावेत. दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश असतो, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढाच खिडकीपासून मीटरभर आत मिळतो, आणि रात्रीच्या ट्यूबलाइटखाली त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणून फोटो दिवसा, खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात काढावा, दिवा बंद करून. दोन तऱ्हांचा उजेड मिसळला, की भात एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळा येतो. सावलीच्या अंगाला पांढरा पुठ्ठा उभा करावा. कॅमेरा तिवईवर असेल, तर पाव सेकंदाचा फोटोही चालतो. टॅलबटचा अननस हलला नाही, तशी भाकरीही हलत नाही.

बाईंनी शेवटी कॅमेरा घेतलाच नाही. वर्गातल्या एका मुलीच्या काकांचा जुना कॅमेरा मागून आणला, नोटेची परीक्षा त्यात तो उतरला, आणि वर्गणीतून तिवई, पुठ्ठे आणि फोटोंच्या छपाईची सोय झाली. परवा त्यांनी पहिले बारा फोटो पाठवले. त्यांत खिडकीशी ठेवलेली शेंगोळ्यांची वाटी आहे. तिच्या काठावर करणाऱ्या आजींचा अंगठा आला आहे. मुले तो फोटो पुन्हा काढणार होती. आम्ही कळवले, की तो तसाच राहू द्या.